तीन बावन्नला सयाजी वारले

१

मंगळवारी सकाळी सहा एकतीसला सयाजी गराडे चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर आले, त्यांनी गळ्यातलं कार्ड यंत्रासमोर धरलं आणि यंत्राने लाल दिवा लावून त्यांना कळवलं की ते मयत आहेत.

सयाजींनी कार्ड शर्टाला पुसून पुन्हा धरलं. पडद्यावर पुन्हा तेच आलं. ‘कर्मचारी मयत. प्रवेश नाही.’ वॉचमन त्यांना बारा वर्षं ओळखत होता. तो आधी खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग त्याला काही सुचेना, म्हणून त्याने सयाजींना ती खुर्ची दिली आणि पाहुण्यांचा पास फाडला. ‘भेटीचे कारण’ या रकान्यात त्याने विचारून विचारून लिहिलं, ‘कामावर हजर होणे’. तेवढ्या पासावर प्रेस शॉपमध्ये जाता येत नाही, स्वागतकक्षापर्यंतच जाता येतं. म्हणून पंचवीस वर्षं तीनशे टनांचा प्रेस चालवणारा हा माणूस स्वागतकक्षातल्या सोफ्यावर, प्लास्टिकच्या फुलदाणीशेजारी बसून राहिला.

सहा अठ्ठेचाळीसला आमची बस आली. मी, ज्ञानेश, कंपनीत संगणक विभागाला आहे. रहाटणीतून चाकणला येणारी एकच बस आहे, पहिल्या शिफ्टची, म्हणून मी तिनेच येतो आणि रहाटणी सोडल्यापासून चाकणपर्यंत झोपतो. त्या दिवशी उतरलो तेव्हा डोळे नीट उघडलेही नव्हते. वॉचमनने माझा दंड धरला.

“साहेब, तुमच्या मशीनने सयाजीभाऊंना मारलंय.”

मला वाटलं, गेटचा दांडा त्यांच्या डोक्यात पडला.

दहा वाजता प्रकरण वाढलं. सयाजींच्या पत्नी मंजुळाबाई यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं होतं. ते डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. हॉस्पिटलने घरी फोन केला. तुमचे मिस्टर वारले असं विमा कंपनी कळवते आहे, त्यामुळे ऑपरेशनची मंजुरी रद्द झाली आहे, बुधवारी संध्याकाळपर्यंत नवी आली नाही तर पुढच्या महिन्यात या.

“कधी वारले?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“काल दुपारी.”

“काल रात्री तर दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.”

मनुष्यबळ विभागाच्या दिव्या मॅडमनी सयाजींना जिवंत करण्याचा प्रयत्न सुरू केला. दुरुस्तीच्या अर्जाला कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा लागतो. मयत कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर आकडा जात नाही. त्यांनी चार वेळा अर्ज भरला. चौथ्या वेळी पडद्यावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आली, ‘ही नोंद ज्याने कळवली, त्यालाच ती मागे घेता येईल.’

म्हणजे सयाजींना ज्याने मारलं होतं, त्यालाच त्यांना जिवंत करता येणार होतं. आणि तो कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

२

प्लँटचे प्रमुख सिद्धेश सर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दिव्या मॅडम आधीच बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

“मॅडमनी मारलेलं नाही,” सर म्हणाले. “त्यांच्याकडे मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक टाकल्याशिवाय मयत करताच येत नाही. इथे क्रमांक नाही. निरोप बाहेरून आला आणि तुझ्या प्रोग्रॅमने तो त्यांच्यापर्यंत आणला. कोणाचा निरोप?”

“बघावं लागेल सर.”

“उद्या दुपारी चारपर्यंत बघ. नाहीतर गुरुवारपासून तुला दुसरं काहीतरी बघावं लागेल.” मग ते वैतागून म्हणाले, “निरोप कुठून आला एवढंच शोधायचं आहे. त्यापेक्षा आवक-जावकला विचारलं असतं तर बरं.”

ते चिडून बोलले होते. पण दार उघडं होतं आणि बाहेर जिन्याखालच्या टेबलावर आवक-जावक म्हणजे इंदुताई ओव्हाळ बसल्या होत्या. एकोणतीस वर्षं त्या कंपनीत येणारं-जाणारं प्रत्येक पत्र नोंदवत आल्या होत्या. वडील पिंपरीत कारखान्यात होते, त्यांनी मुलीला एवढंच शिकवलं होतं की सही करण्याआधी वाचायचं. आता सगळे निरोप संगणकातून जातात, त्यामुळे त्यांच्याकडे दिवसाला चार कुरिअर आणि एक वर्तमानपत्र येतं. त्या रजिस्टर बगलेत घेऊन केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

“सर, मला विचारलंत?”

सरांना नाही म्हणायला जमलं नाही.

इंदुताईंनी मला त्यांच्या टेबलासमोर बसवलं. “आता मला सांग, तुमच्याकडे निरोप जातो कसा? पहिलीतल्या पोराला सांगतोस तसं सांग.”

मी सांगितलं. कंपनीत एकच मोठा प्रोग्रॅम नाही, प्रत्येक कामाचा वेगळा आहे. गेटचा वेगळा, कॅन्टीनचा वेगळा, मनुष्यबळाचा वेगळा, विमा कंपनीचा तर त्यांच्या त्यांच्याकडेच आहे. ते एकमेकांच्या घरात शिरत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. निरोपाला पाकीट असतं. पाकिटावर कोणाकडून, किती वाजता, क्रमांक काय. आत मजकूर. मध्ये एक प्रोग्रॅम बसलेला असतो, तो पाकीट नीट बांधलेलं आहे का बघतो आणि ज्याला ज्याला कळायला हवं त्याला पोचवतो. घेणाऱ्याने पोच द्यायची. पोच आली नाही तर निरोप पुन्हा जातो.

“ही तर माझीच नोकरी आहे,” इंदुताई म्हणाल्या. “मग माझ्या जागी जो बसलाय त्याला सयाजींचं पाकीट दाखवायला सांग.”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सोमवार, दुपारी तीन बावन्न. कर्मचारी सयाजी गराडे. स्थिती, ई-एक्स. मनुष्यबळाच्या यादीत ई-एक्स म्हणजे मयत. चार सेकंदांत विमा कंपनी सोडून सगळ्यांच्या पोचा आलेल्या. गेटने कार्ड बंद केलं, कॅन्टीनने थाळी कमी केली, कामगार कल्याण निधीने हारासाठी फुलवाल्याला कळवलं. विमा कंपनीची पोच पहिल्यांदा आली नाही म्हणून त्यांना निरोप तीनदा गेला होता, पण पाकिटाचा क्रमांक एकच असल्यामुळे त्यांनी सयाजींना एकदाच वारलेलं धरलं.

“आणि कोणाकडून?”

“तीच अडचण आहे ताई. पाठवणाऱ्याच्या जागी ‘बस’ लिहिलंय.”

“कोणती बस?”

“ती बस नाही. मधल्या प्रोग्रॅमलाच आमच्यात बस म्हणतात. सगळ्यांचे निरोप त्यात बसून जातात म्हणून.”

“म्हणजे निरोप पोचवणाऱ्यानेच पाठवला?”

“तसं दिसतंय खरं.”

“आणि ही बस कोणाच्या ताब्यात असते?”

“माझ्याच,” मी म्हणालो. इंदुताईंनी रजिस्टरचं कोरं पान उघडलं, ‘संशयित’ असं लिहून खाली रेघ मारली आणि पहिल्या क्रमांकावर माझं नाव घातलं.

३

दुसऱ्या क्रमांकावर कॅन्टीनचे गणराज होते. गणराज आणि सयाजी यांचं दोन वर्षं वाकडं होतं. सूचना-पेटीत आमटीबद्दल आलेल्या चौदा चिठ्ठ्या सयाजींच्या हस्ताक्षरात होत्या. शेवटच्या चिठ्ठीत त्यांनी आमटीत डाळ शोधून दाखवणाऱ्याला आपली जेवणाची थाळी देऊ केली होती.

आम्ही गेलो तेव्हा गणराज कांदे चिरत होते. ते मूळचे बीडकडचे, आवाज मोठा.

“काल तीन बावन्नला कुठे होता?” इंदुताईंनी विचारलं.

“इथंच. दुसऱ्या शिफ्टच्या चहाची भजी तळत होतो. तेल तापलेलं सोडून कुठं जाणार?”

“तुमच्याकडे टॅब आहे. त्यावरून माणूस कमी करता येतो.”

“थाळी कमी करता येते ताई, माणूस नाही.” गणराजांनी सुरी ठेवली. “आणि मला एक सांगा. मला मारायचंच असतं, तर मशीन कशाला लागलं असतं? माणूस रोज माझ्याच हातचं जेवतोय.”

इंदुताईंनी त्यावर थोडा विचार केला आणि ते मान्य केलं.

“उलट वाईट वाटलं हो,” गणराज म्हणाले. “सकाळी मी गेटवरच होतो. टेम्पोतून पोह्याचं पातेलं उतरवत होतो. सगळ्यात आधी तेच आले, गेटवर दुसरं चिटपाखरू नव्हतं. कार्ड लावलं, आणि चेहरा असा झाला बिचाऱ्याचा. मी म्हणलं, पोहे खा. तर म्हणाले, मयताला चालतात का?”

“मग दिलेत?”

“दिले ना. कांदा जास्त घालून दिले.”

बाहेर आल्यावर इंदुताई मध्येच थांबल्या. “ज्ञानेश, सयाजी रहाटणीचेच ना? तुझ्याच बसला असतात?”

“हो. ड्रायव्हरच्या मागची तिसरी, खिडकीची सीट.”

“आज होते?”

“मी झोपलेलो असतो ताई.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मला वाटलं, संशयितांच्या यादीतून माझं नाव आता खोडतील. त्यांनी ते खोडलं नाही, पण त्यापुढे कंसात ‘झोपाळू’ असं लिहिलं.

४

सयाजी दुपारपर्यंत स्वागतकक्षात बसून कंटाळले आणि इंदुताईंच्या टेबलाशी येऊन कुरिअरच्या पाकिटांवर तारखेचे शिक्के मारू लागले. प्रेस चालवणाऱ्याचा हात, एकेक शिक्का टेबल हलवत होता. त्यांच्या कपाळावर भुवयांच्या वर एक आडवी लालसर रेघ उमटली होती. मला वाटलं, एवढ्या धक्क्यानंतर माणूस कपाळाला हात लावूनच बसणार.

“सयाजीभाऊ,” इंदुताईंनी विचारलं, “काल शिफ्ट सुटल्यावर काय केलंत?”

“घरी गेलो की.”

“कशाने?”

“काल बसनं.”

“आणि आज आलात कशाने?”

सयाजींनी एक शिक्का उलटा मारला. “आलो म्हंजे आलो. रोजच येतो.”

“कोणाशी भांडण?”

“आमटी सोडली तर कुनाशीबी न्हाई.” मग ते खाली बघत म्हणाले, “ताई, माझं काय बी हुंद्या. मेलेला ऱ्हातो म्या म्हैनाभर. पन तिच्या डोळ्याचं व्हायला पायजे. उजव्या डोळ्यानं तिला आता कायबी दिसंना. परवा मिठाच्या जागी सोडा घातला आमटीत, आन म्या गुमान खाल्ली.”

चौदा चिठ्ठ्या लिहिणारा माणूस गुमान आमटी खातो, हे ऐकून मला त्या डोळ्याची अवस्था समजली.

शेवटी आम्ही अण्णासाहेबांकडे गेलो. ते कंपनीच्या बसगाड्यांचे प्रमुख. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नऊ मार्ग, नऊ बस, आणि प्रत्येक बसची प्रतीक्षायादी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली. कंपनीत बढती मिळणं सोपं आहे, बसची सीट मिळणं नाही.

“सोमवारी तीन बावन्नला?” अण्णासाहेब म्हणाले. “पावणेचारला माझ्या बस सुटतात. त्या सुटल्यावर मी इथे बसून चहा घेतो. त्यात काय विचारायचं?”

“फक्त चहा?”

“बिस्किटही.”

“सयाजी गराडे तुमच्या रहाटणीच्या बसला आहेत ना?”

अण्णासाहेबांनी खिशातलं एक पेन काढून दुसऱ्या बाजूला लावलं. “माझ्या बसला चारशे माणसं आहेत. सगळ्यांचं मला कसं ठाऊक असणार?”

मला ते उत्तर बरोबर वाटलं. इंदुताईंनी काचेखालच्या रहाटणीच्या यादीकडे बराच वेळ पाहिलं, आभार मानले आणि बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “मला दोन कागद छापून दे. अण्णासाहेबांच्या बसगाड्या ज्या ठेकेदाराच्या आहेत, त्याचा प्रोग्रॅम तुमच्या मधल्या बसला कधी जोडला?”

“दोन आठवडे झाले.”

“त्यांच्या ई-एक्ससारख्या खुणांची यादी. आणि मनुष्यबळाची यादी.”

“पण अण्णासाहेब तर खरं बोलले.”

“ते खोटं बोलले, म्हणूनच विचारतेय. आणि त्यांच्याइतकंच आपला मयतही खोटं बोलतोय.”

५

बुधवारी अकरा वाजता सिद्धेश सरांच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. दिव्या मॅडम, गणराज, अण्णासाहेब आणि मी भिंतीला लागून होतो. सयाजींना पाहुणे म्हणून चहा आधी मिळाला. इंदुताई रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी आधी चष्मा पुसून घेतला.

“मी एकोणतीस वर्षं पत्रं नोंदवतेय,” त्या म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत पोस्टमनने स्वतःच्या नावाने पत्र पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. त्याचं काम पोचवायचं. ज्ञानेश म्हणाला, पाकिटावर बस लिहिलंय, म्हणजे मधला प्रोग्रॅम. मी विचारलं, पोचवणारा स्वतःहून कशाला लिहील? तेव्हा मला वाटलं, ही बस दुसरी असेल. आपल्याकडे साधी, चाकं असलेली बसही आहे.”

अण्णासाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

“ठेकेदाराने दोन आठवड्यांपूर्वी प्रोग्रॅम जोडला तेव्हा त्याचं नाव काय ठेवायचं असा प्रश्न आला असेल. त्याने बस ठेवलं. त्याचं काय चुकलं? त्याच्याकडे बसच आहेत. म्हणजे निरोप अण्णासाहेबांच्या टेबलावरून गेला, चहाच्या वेळी.”

“मी कोणालाही मयत केलेलं नाही,” अण्णासाहेब म्हणाले. “माझ्याकडे तसं बटणच नाही.”

“बरोबर आहे. म्हणून मला दुसरा प्रश्न पडला, तुम्ही काय केलंत? त्याचं उत्तर गणराजांनी दिलं.”

गणराज दचकले. “मी?”

“तुम्ही म्हणालात, सयाजी सगळ्यात आधी आले, गेटवर चिटपाखरू नव्हतं. गेटचं यंत्र सांगतं, सहा एकतीस. रहाटणीची बस आली सहा अठ्ठेचाळीसला. बसमध्ये बसणारा माणूस बसच्या आधी सतरा मिनिटं कसा पोचेल? म्हणजे सयाजी बसने आले नाहीत. आणि त्यांच्या कपाळावरची ती रेघ पाहा, अजून गेलेली नाही. हात लावून अशी रेघ येत नाही. नवं हेल्मेट घट्ट असलं की येते.”

सगळे सयाजींकडे बघू लागले. सयाजींनी चहाचा कप खाली ठेवला. कप बशीवर वाजला.

“सोमवारी सयाजींनी अण्णासाहेबांना सांगितलं, माझी सीट काढा,” इंदुताई पुढे म्हणाल्या. “अण्णासाहेबांनी टॅबवर सीट काढली. इतकंच.”

त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक ठेकेदाराचा. त्यावर लिहिलं होतं, ‘ई-एक्स, मार्गावरून कमी’. दुसरा मनुष्यबळाचा. ‘ई-एक्स, मयत’.

“दोघांची खूण एक, अर्थ वेगळे. बसवाल्यांनी कळवलं, हा माणूस आता आमच्या बसला नाही. मनुष्यबळाने वाचलं, हा माणूस आता नाही.”

“मग दोन आठवड्यांत असं एकदाच कसं झालं?” सरांनी विचारलं.

“कारण आपल्याकडे बसची सीट कोणी सोडत नाही सर. सयाजी पहिलेच.”

केबिनमध्ये हे सगळ्यांना एकदम पटलं.

“बोला सयाजीभाऊ,” इंदुताई हळू आवाजात म्हणाल्या. “तुमच्या बायकोचं ऑपरेशन अडलंय, आणि तुम्ही काल दिवसभर हे सांगितलं नाहीत.”

सयाजी उभे राहिले. “मला काय ठावं ताई, बसमधनं उतरलं की मानूस मरतं? म्या स्कूटर घेतली. लायसन तिसऱ्या खेपेला मिळालं. तीनशे टनाचा प्रेस हाकतो म्या, पन दोन चाकांवर बसलो की पाय लटपटत्यात. साऱ्या गावात मला एकट्याला गाडी येत न्हाई. हे बसमधी कळलं असतं, तर रिटायर होस्तवर सोडलं नसतं कुनी. म्हनून अण्णासाहेबास्नी शपथ घातली.”

“पण या वयात कशाला?” सरांनी विचारलं.

“गेल्या साली तिच्या डाव्या डोळ्याचं झालं. तपासनीला न्यायचं तर रिक्षा थांबंना. डोळ्याला पट्टी बांधून ती काळेवाडीच्या चौकात तासभर उनात हुबी. बाजूनं कालच्या पोरी गाड्यांवरनं भुर्रकन चालल्या हुत्या. ती मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं वाटलं असतं.”

गणराजांनी खिशातला रुमाल काढला आणि कांदा चिरून आल्याचं सांगितलं.

“अण्णासाहेब, तुम्ही शपथेमुळे गप्प राहिलात?” दिव्या मॅडमनी विचारलं.

“शपथेमुळेच,” अण्णासाहेब म्हणाले.

“रहाटणीच्या यादीत सयाजींची सीट मंगळवारी ज्यांना मिळाली, ते प्रतीक्षायादीत चौदावे होते,” इंदुताई म्हणाल्या. “आडनाव अण्णासाहेबांच्या सासुरवाडीच्या जावयाचं आहे.”

“साडू आहेत,” अण्णासाहेब पुटपुटले. त्यांच्या इस्त्रीला पहिल्यांदाच चुणी पडल्यासारखी वाटली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे मी निर्दोष होतो. तेवढ्यात इंदुताईंनी ठेकेदाराचा कागद उलटा केला. मागे शिक्का होता, ‘तपासले’. खाली माझी सही.

“वाचलं होतंस?” त्यांनी विचारलं.

तो शुक्रवार होता, सव्वातीन वाजले होते आणि पावणेचारला बस सुटणार होती. पाकीट नीट बांधलेलं आहे का एवढं मी तपासलं होतं. आतला कागद मी उघडलाच नव्हता. मी तसं सांगितलं. सिद्धेश सरांनी खूप वेळ छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“तुला काढायचं की नाही ते नंतर बघू,” ते म्हणाले. “आधी या माणसाला जिवंत कर.”

६

ते वाटलं तितकं सोपं निघालं नाही.

ठेकेदाराच्या प्रोग्रॅममध्ये निरोप मागे घेण्याची सोयच नव्हती. त्याच्याकडे एकच उपाय होता, सयाजींना पुन्हा बसमध्ये घ्यायचं. सीट मिळाली की ‘चालू’ असा निरोप जाईल आणि मनुष्यबळ त्यांना जिवंत धरेल. पण रहाटणीच्या बसला एकही सीट रिकामी नव्हती, आणि दुसऱ्या मार्गाची सीट द्यायला प्रोग्रॅम तयार नव्हता, कारण पत्ता जुळत नव्हता. सयाजींना घ्यायचं तर कोणाला तरी कमी करायला हवं.

“आणि ज्याला कमी करू तो मरणार,” दिव्या मॅडम म्हणाल्या.

“मधला प्रोग्रॅम दुरुस्त कर ना,” सर मला म्हणाले.

“मुख्य कार्यालयाच्या दोन सह्या लागतात सर. आणि बदल फक्त शुक्रवारी दुपारी करू देतात.”

ऑपरेशन गुरुवारी होतं. मंजुरी आज संध्याकाळपर्यंत हवी होती. म्हणजे बुधवारपासून शुक्रवारपर्यंत रहाटणीच्या बसमधल्या एका माणसाला मयत राहावं लागणार होतं.

“साडूंना काढा,” गणराज म्हणाले. “त्यांची सीट तशीही लबाडीची आहे.”

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. “मी साडूला मयत केलं, तर मला घरात कोण घेईल? आमच्या मिसेसच्या बहिणीचं बीपी वाढतं.”

सयाजी म्हणाले, ऱ्हाऊ द्या, पुढच्या म्हैन्यात बघू. त्यांचा आवाज अगदी साधा होता. इंदुताई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या रजिस्टर मिटत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी कदाचित दुसरीकडे पाहिलं असतं.

“अण्णासाहेब,” मी म्हणालो, “माझी सीट काढा.”

आधी मी घरी फोन केला. बायकोला, स्नेहलला, सगळं समजावून सांगितलं की थोड्या वेळाने कंपनीकडून मेसेज येईल, मी वारल्याचा, तो मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, बरं, येताना कोथिंबीर आण.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी अण्णासाहेबांनी टॅबवर बोट ठेवलं आणि मी गेलो. चार सेकंदांत माझ्या पोचा आल्या. एक बावीसला सयाजी रहाटणीच्या बसला लागले, आणि गेट, कॅन्टीन, कल्याण निधी सगळ्यांनी त्यांना जिवंत असल्याची पोच दिली. विमा कंपनी गप्प. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती उभे राहिलो. निरोप दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा गेला. सयाजींनी दोन्ही हात टेबलावर टेकले होते, प्रेसचा साचा उतरताना टेकतात तसे. सहाव्या वेळी पोच आली. साडेतीनला हॉस्पिटलचा फोन आला, सकाळी आठला उपाशीपोटी या.

गुरुवारी मंजुळाबाईंचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. मी त्या दिवशी पाहुण्यांच्या पासावर कामाला गेलो आणि इंदुताईंच्या शेजारी बसून ठेकेदारांनी पाठवलेल्या सगळ्या खुणांच्या याद्या पहिल्या पानापासून वाचल्या. आणखी तीन घोटाळे सापडले. कॅन्टीनच्या यादीत ‘उपवास’ आणि विमा कंपनीच्या यादीत ‘अवयवदान’ यांची खूण एकच होती. एकादशी आठ दिवसांवर होती. इंदुताईंनी त्या पानावर लाल शाईने शिक्का मारला. सिद्धेश सरांनी ते बघितल्यावर मला काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण एक नवा नियम केला. कोणताही प्रोग्रॅम जोडायचा तर माझ्या सहीआधी आवक-जावकची सही. इंदुताईंना जिन्याखालून हलवून खिडकीची खोली दिली.

शुक्रवारी दुपारी मुख्य कार्यालयाच्या दोन्ही सह्या आल्या, मी मधल्या बसमध्ये दुरुस्ती केली आणि चार वाजता मी जिवंत झालो. सयाजींनी त्यांची सीट लगेच सोडली. या वेळी त्यांना काही झालं नाही. मी ती सीट मागायला अण्णासाहेबांकडे गेलो. साडूंचं नाव पुन्हा चौदाव्या क्रमांकावर गेलं होतं.

“यादी म्हणजे यादी,” अण्णासाहेब म्हणाले. “तुमचा क्रमांक पंधरा.”

सोमवारी पहाटे पाचला मी सयाजींच्या दारात उभा राहिलो. गुरुवारी-शुक्रवारी केलेला रिक्षाचा खर्च मला रोज परवडणारा नव्हता, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. ते अंगणात स्कूटरचं स्टँड काढत होते, दुसऱ्या प्रयत्नात निघालं. मंजुळाबाई काळा चष्मा लावून उंबऱ्यात उभ्या होत्या. शनिवारी तपासणीला त्या याच स्कूटरवरून गेल्या होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं, बहुधा नव्या डोळ्याने, आणि मी मागे बसल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, “रस्त्यात त्यांच्याशी काही बोलू नका हां भाऊ. ते उत्तर द्यायला मागं बघतात.”